विंचचा पीटीओ पाण्याच्या पंपाला जोडताना

लष्कराच्या लिलावातून आलेला फोर-बाय-फोर ट्रक मुंबईत काय कामाचा, असं कुणी विचारलं तर त्याला पहिल्या मोठ्या पावसापर्यंत थांबायला सांगावं. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे, नेहमीची सगळी ठिकाणं तुंबतात. टेम्पो आणि रिक्षा सायलेन्सरात पाणी घेऊन जागच्या जागी बसतात, आणि हा उंच चाकांचा हिरवा गडी त्यातून आरामात पुढे जातो. म्हणूनच सोसायट्यांच्या तळघरांतलं पाणी उपसायची कामं घेणाऱ्यांची नजर या गाड्यांवर असते. वडाळा किंवा कळंबोलीच्या गॅरेजात मग एक ठरलेली मागणी येते: ‘‘मिस्त्री, पुढे विंच आहे, म्हणजे पीटीओ आहेच. त्यालाच पंप जोडून द्या.’’

मागणी वाजवी वाटते. साडेचार टन ओढणारी विंच, म्हणजे दोर गुंडाळत अडकलेली गाडी खेचणारं यंत्र, ज्या पीटीओवर चालते, त्याला पाणी ढकलणं जड का जावं? पण जातं. का जातं ते कळलं की पीटीओचं निम्मं शास्त्र कळलं.

पीटीओ म्हणजे पॉवर टेक-ऑफ. इंजिनाची ताकद चाकांकडे जाण्याआधी तिला फोडलेली एक वाट. गावाकडच्या वाचकांना ट्रॅक्टरचा पीटीओ माहीत असतो: मागे बाहेर आलेला दातेरी दांडा, त्याला रोटाव्हेटर लावा नाहीतर मळणीयंत्र. ट्रॅक्टरमध्ये त्याचा वेग ठरलेला असतो, मिनिटाला ५४० फेऱ्या (आरपीएम), मोठ्या ट्रॅक्टरांत १०००, आणि जगभरातली अवजारं त्या आकड्यांवर बनतात. ट्रकमध्ये असा एक आकडा नाही. प्रत्येक गिअरबॉक्सचं गणित निराळं.

ट्रकच्या गिअरबॉक्सला बहुतेकदा कुशीत एक खिडकी असते, बोल्टांनी बंद केलेली. आत काउंटरशाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या मधल्या दांड्याचे, गिअर फिरत असतात. क्लच सोडलेला असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाही काउंटरशाफ्ट फिरतो, आणि पीटीओ चालतो तो याच जोरावर. खिडकीचं झाकण काढायचं, पीटीओचं हाऊसिंग बसवायचं, त्याचा गिअर आतल्या गिअरमध्ये अडकवायचा. नागरी ट्रकांत सहा बोल्टांची आणि आठ बोल्टांची खिडकी अशा दोन प्रमाणित पद्धती आहेत. लष्करी गाड्यांत खिडकीचा आकार त्यांचा स्वतःचा असू शकतो, शिवाय काही गाड्यांत पीटीओ गिअरबॉक्सवर नसून ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर, असतो. तेव्हा बाजारातून तयार पीटीओ आणून ठोकण्याआधी गाडीखाली झोपून नीट बघावं.

टन आणि किलोवॅट

विंचचं गणित मांडू. साडेचार टन वजन मिनिटाला ६ मीटर या संथ वेगाने ओढायला लागतात सुमारे ४.४ किलोवॅट. विंचच्या वर्म गिअरमध्ये निम्मी ताकद घर्षणात गेली असं धरलं तरी पीटीओवर येतात ९ किलोवॅट. दोर करकरतो, ट्रकचं नाक खाली बसतं, बघणाऱ्याला वाटतं इंजिनाचा जीव चाललाय. प्रत्यक्षात मागणी माफक असते, कारण काम सावकाश चाललेलं असतं. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग, आणि विंच जोर दाखवते पण वेग दाखवत नाही.

आता पंप. ताशी २ लाख लिटर पाणी १५ मीटर उंच चढवायचं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर दर तासाला. पाण्याला प्रत्यक्ष द्यावी लागणारी ताकद ८.२ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर दांड्यावर १२.६ किलोवॅट, म्हणजे १७ एचपीच्या आसपास. करकर नाही, नाक खाली बसणं नाही, नुसता घों-घों आवाज. तरी मागणी विंचपेक्षा जास्त.

आणि त्याहून मोठा फरक वेळेचा. विंच चालते पाच मिनिटं. चिखलातून गाडी निघाली की दोर गुंडाळला, पीटीओ बंद. पंप चालतो रात्रभर. पीटीओ बनवणारे जो टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा देतात तो साधारणपणे थांबून-थांबून चालवण्याचा असतो. पूर्ण लोडवर दर पंधरा मिनिटांत पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त चालवायचं असेल तर त्यांच्या हिशेबी ते सलग काम, आणि मग आकड्याला ०.७० ने गुणायचं. दात लोडने तुटतात ते एखाद्या वेळी. बाकीच्या वेळी गिअर आणि बेअरिंगं मरतात ती उष्णतेने: तेल पातळ होतं, दातांमधला थर टिकत नाही, धातूला धातू लागतो.

समजा, पीटीओच्या प्लेटवर १००० आरपीएमला १५ किलोवॅट लिहिलंय. ही प्लेट शोधायची म्हणजे हिरव्या रंगाचे दोन-चार थर खरवडायचे. डेपोत गाडी रंगवताना प्लेटही रंगली जाते. १५ किलोवॅट आणि १००० आरपीएम म्हणजे १४३ न्यूटन-मीटर टॉर्क. सूत्र साधं आहे: किलोवॅटला ९५४९ ने गुणा, आरपीएमने भागा. सलग कामासाठी त्याचे ७० टक्के, म्हणजे १०० न्यूटन-मीटर. आपला १२.६ किलोवॅटचा पंप १४५० आरपीएमवर मागतो ८३. बसतं की! इथे बरेच जण वही मिटतात आणि नागदेवी स्ट्रीटला पंप घ्यायला निघतात.

आरपीएम कुठून आणणार?

बाजारातला पंप १४५० वर चालायला बनलेला असतो, कारण विजेच्या मोटरचा तो एक सर्रास वेग आहे. ट्रकचा पीटीओ किती फिरतो? ते इंजिनाच्या वेगाच्या किती टक्के फिरतो त्यावर. ही टक्केवारी प्लेटवर नसेल तर इंजिन १००० वर धरून पीटीओच्या दांड्याला टॅकोमीटर लावावा, उत्तर थेट मिळतं. ६०० आलं तर ६० टक्के.

६० टक्के असेल तर १४५० साठी इंजिन २४०० च्या वर न्यावं लागेल. जुन्या जड डिझेलची तिथे हद्द संपते. त्या वेगाला रात्रभर चालवलं तर डिझेल आणि कान दोन्ही जातील. इंजिन सुखाने चालतं १५०० च्या आसपास, आणि तेव्हा पीटीओवर मिळतात ९००.

‘‘मग ९०० वर चालवू, पाणी थोडं कमी येईल,’’ असं मालक म्हणतो. थोडं नाही. सेंट्रिफ्युगल पंपात पाणी वेगाच्या प्रमाणात कमी होतं, पण उंची वेगाच्या वर्गाने पडते आणि ताकद घनाने. १४५० चे ९०० झाले म्हणजे वेग ६२ टक्क्यांवर आला. १५ मीटरची उंची ५.८ मीटरवर आली. तळघर सात मीटर खोल असेल तर पंप जोरात फिरेल आणि पाइपच्या तोंडातून थेंबही येणार नाही. उलट बाजूनेही हाच नियम बोचतो. १४५० चा पंप उत्साहाच्या भरात दहा टक्के जास्त पळवला की ताकद ३३ टक्के जास्त लागते.

दुसरा उपाय पुलीचा: पीटीओवर मोठी, पंपावर छोटी, ९०० चे १४५० करून घ्या. करता येतं, पण टॉर्कचं गणित आता पीटीओच्या बाजूने पुन्हा मांडावं लागतं. १२.६ किलोवॅट ९०० आरपीएमवर म्हणजे १३४ न्यूटन-मीटर. आपली मर्यादा १००. इंजिन १८०० ला नेलं तरी १११. म्हणजे हा पंप या पीटीओचा नाहीच.

माझं मत विचाराल तर पंप छोटा घ्यावा. दोन मजली तळघराला १० मीटर उंची सहसा पुरते. ताशी १ लाख २० हजार लिटर, १० मीटर: दांड्यावर ५ किलोवॅट, ९०० आरपीएमला ५३ न्यूटन-मीटर. पीटीओ रात्रभर हसत चालेल. पण हौस मोठ्या पंपाची असते, कारण कंत्राटाच्या कागदावर लाखांत लिटर लिहायचे असतात.

एक उलटी गोष्ट इथेच सांगायला हवी. असल्या पंपाला उंची कमी मिळाली की लोड कमी होत नाही, वाढतो. १५ मीटरसाठी घेतलेल्या पंपाचा पाइप शेजारच्या गटारात तीन मीटरवर सोडला की पाणी भसाभस येतं, मालक खूश होतो, आणि पीटीओवरचा भार वर सरकतो. बाहेरच्या पाइपवर व्हॉल्व्ह ठेवून थोडा आवळला की भार उतरतो. व्हॉल्व्ह बंद करून लोड कमी होतो हे नव्या हेल्परला पटवून देणं अवघड असतं, पण ॲमीटर लावलेल्या विजेच्या पंपावर कुणीही ते बघू शकतं.

मुंबईच्या तळघरांत आणखी एक अडचण येते. ट्रक रस्त्यावर, पाणी खाली. खेचून पाणी वर आणायची निसर्गाची मर्यादा समुद्रसपाटीला १०.३ मीटर, आणि व्यवहारात सहा मीटरनंतर पंप कुरकुरायला लागतो. खोल तळघरासाठी मग दुसरा रस्ता: पीटीओवर हायड्रॉलिक गिअर पंप, तिथून तेलाचे दोन होज खाली, आणि पाण्यात बुडवलेला हायड्रॉलिक मोटरवरचा पंप. सक्शनची कटकट संपते, वीज पाण्यात उतरवावी लागत नाही. किंमत म्हणून साधारण तीस टक्के ताकद तेल गरम करण्यात जाते. पाचाला सात किलोवॅट द्यावे लागतात. ९०० आरपीएमला ३२ सीसीचा गिअर पंप मिनिटाला २९ लिटर तेल देतो. १५० बार दाबाला हे गणित जमतं आणि पीटीओवर ७६ न्यूटन-मीटर येतात, मर्यादेच्या आत. मात्र टाकी मोठी हवी आणि तेलाला पंख्याचा कूलर हवाच. ट्रक उभा आहे, वारा नाही, वर पावसाळी दमट हवा. इंजिनाच्या रेडिएटरची परीक्षाही याच कारणाने होते.

ढिल्या ॲक्सिलरेटरचा खेळ

पीटीओ म्हटलं की सगळे गिअरकडे बघतात, डिझेल पंपाकडे कुणी बघत नाही. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपावर इंजिनाचा वेग सांभाळणारे गव्हर्नर दोन जातींचे असतात. ट्रकांवर बऱ्याचदा असतो तो फक्त दोन टोकं सांभाळतो: आयडलिंग पडू देत नाही आणि कमाल वेगाच्या पुढे जाऊ देत नाही. मधला सगळा कारभार ड्रायव्हरच्या पायाचा. ट्रॅक्टरवर असतो तो प्रत्येक वेगाला धरून ठेवतो. लोड वाढला तर स्वतः डिझेल वाढवतो.

आता रात्रीचे दोन वाजलेत. हँड थ्रॉटल १५०० ला ओढून ठेवलाय, ड्रायव्हर केबिनमध्ये डुलकी घेतोय. तळघरातलं पाणी उतरलं, सक्शनने हवा ओढली, पंपावरचा लोड एका क्षणात गायब. दोन टोकांच्या गव्हर्नरला यात काही वावगं दिसत नाही. डिझेल तेवढंच जातंय, लोड नाही, मग इंजिन थेट कमाल वेगाला जातं, आणि त्यासोबत पीटीओ, शाफ्ट, रिकामा पंप सगळेच. पंपाचं सील पाण्यावर थंड राहतं. कोरडं फिरलं तर मिनिटांत जळतं. नव्या पद्धतीचं कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, पीटीओचा वेग बांधून घेता येतो. जुन्या गाडीत डिझेल पंपवाल्याकडून गव्हर्नर बदलून घ्यावा. ते परवडत नसेल तर निदान पंपाच्या बाहेरच्या पाइपवर प्रेशर स्विच लावून दाब पडला की इंजिन बंद होईल एवढी सोय करावी. हा खर्च टाळलेला मी सगळ्यात जास्त पाहिलाय.

पॅकिंगचा एक कागद

बसवण्याच्या कामात नाजूक जागा एकच: पीटीओचा गिअर आणि गिअरबॉक्सचा गिअर यांच्या दातांमधला प्ले, म्हणजे ढिलाई. तो हवा साधारण ०.१५ ते ०.३० मिलीमीटर. जमवायचा पॅकिंगच्या जाडीने. एक कागद जास्त घातला की पीटीओ बाहेर सरकतो, प्ले वाढतो. डायल गेज गिअरच्या दातावर टेकवायचा, पीटीओचा गिअर हाताने पुढे-मागे हलवायचा, काटा किती हलतो ते वाचायचं. डायल नसलेले मिस्त्री कानाने ओळखतात.

‘‘मिस्त्री, आवाज येतोय थोडा, चालेल ना?’’

‘‘शेठ, शिट्टी मारतोय तो. आवळ बसलाय. एक पॅकिंग वाढवू द्या. खडखडला असता तर एक काढलं असतं.’’

कानाचं निदान बरोबर असतं, तरी आकडा मोजून घ्यावा. पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा गोळा फासणाऱ्याला मात्र लगेच थांबवावं. त्याची जाडी सांगता येत नाही, आणि आत सांडलेला तुकडा तेलाच्या वाटेत जाऊन बसतो.

पीटीओपासून पंपापर्यंतचा शाफ्ट दोन क्रॉसांचा (कोनात फिरणाऱ्या सांध्यांचा) असेल तर दोन्ही टोकांचा कोन सारखा आणि योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. एकच क्रॉस १५ अंशांवर चालवला तर पलीकडचा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा साडेतीन टक्क्यांनी पुढे-मागे होतो. डोळ्यांना दिसत नाही, बेअरिंगला कळतं. दुसऱ्या टोकाचा सारखा कोन ही चूक खोडून टाकतो. योक चुकीचे लागले तर दुप्पट करतो. विंचच्या शाफ्टमध्ये आणखी एक गोष्ट सापडेल, शिअर पिन. अमेरिकन एम-३५ ट्रकच्या दहा हजार पौंडांच्या विंचला ती असते, इतर अनेकांतही असते. लोड हाताबाहेर गेला की मऊ धातूची ही पिन तुटते आणि पुढचं सगळं वाचतं. रूपांतर करताना ती काढून कडक बोल्ट ठोकू नका. मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात प्लॅस्टिक, चपला, शहाळी असं सगळं असतं. पंपाचा पंखा अडकला तर काहीतरी तुटणारच, मग ती पिनच का नको? फक्त पिनची ताकद नव्या लोडप्रमाणे पुन्हा ठरवावी लागते. आणि शाफ्टवर गार्ड हवा. फिरत्या शाफ्टने ओढलेली लुंगी किंवा रेनकोटची दोरी माणसासकट जाते.

फिरण्याची दिशाही आधी बघा. उलटा फिरलेला सेंट्रिफ्युगल पंप पाणी देतो, पण थोडं, त्यामुळे दोष दिशेचा आहे हे लवकर ध्यानात येत नाही. पंखा आट्यांवर बसवलेला असेल तर सुटूनही येतो.

पीटीओ ट्रान्स्फर केसवर असलेल्या गाडीत गिअर टाकून आणि ट्रान्स्फर केस न्यूट्रलला ठेवून काम चालतं. म्हणजे गाडी आणि चालू इंजिन यांच्यामध्ये उरतो तो एक लिव्हर. हँडब्रेक कुठे आहे ते तपासा. तो ट्रान्स्फर केसच्या आधी असेल तर न्यूट्रलमध्ये चाकांना धरणारं काहीच राहत नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय पीटीओ टाकायचाच नाही, असा दंडक करावा. केबिनमध्ये दिवा आणि बझरही हवा. पीटीओ चालू ठेवून गाडी हायवेला काढणारे निघतात.

पाण्यात जाणाऱ्या गाडीचं एक जास्तीचं काम: ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सचं हवा आत-बाहेर करणारं छिद्र. तासभर चालून तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नाहीतर जुन्या ऑइल सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. लष्करी गाडीत ब्रीदरची नळी बऱ्याचदा वर नेलेली असते. नव्या पीटीओसाठी झाकण बदलताना ती कुणाच्या तरी हातून तुटते आणि तशीच राहते. तेल दुधाळ दिसलं तर कारण तिथे शोधा. भरतीच्या वेळी तुंबलेलं पाणी खारंही असतं.

कागदांचं थोडक्यात. लष्कराच्या ताब्यातली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली त्यांच्याच यंत्रणेकडे नोंदलेली असते, तो बाणाचा नंबर त्यातूनच येतो. विकल्यावर तिला नागरी नोंदणी लागते. आणि कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. मागे कायमचा पंप, टाकी आणि होजरील बसली की गाडीचं रिकामं वजन आणि बॉडीचा प्रकार बदलतो. आरटीओला विचारणं वेल्डिंगच्या आधीचं काम आहे.

इतकं सगळं करण्यापेक्षा ट्रकच्या मागे वेगळ्या इंजिनाचा डिझेल पंप ठेवून चार बोल्टांनी बांधावा का? बऱ्याच जणांसाठी उत्तर ‘हो’ असं आहे. जागा नसेल, किंवा सांभाळायला एकच इंजिन हवं असेल, किंवा हायड्रॉलिकवर पंपासोबत करवत आणि छोटी क्रेनही चालवायची असेल, तर पीटीओचा खटाटोप वसूल होतो.

बसवून झाल्यावर पहिली चाचणी पावसाच्या आधी, एखाद्या भरलेल्या टाकीवर घ्यावी: पाणी त्याच टाकीत फिरवत ठेवायचं, पूर्ण लोडवर, सलग दोन तास. दर पंधरा मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने पीटीओच्या हाऊसिंगचं तापमान वहीत लिहायचं. तासाभरात आकडा एका जागी स्थिरावला तर काम जमलं. दोन तासांनंतरही चढतच असेल तर पंपाचा वेग उतरवा किंवा पंप बदला. पहिल्या आठवड्यानंतर खिडकीचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, कारण नवं पॅकिंग दबतं. आणि गिअरबॉक्सचं तेल बदलताना ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला चिकटलेली भुकटी बोटांत चोळून बघा. पिठासारखी बारीक असेल तर ठीक, टोचणारे कण लागले तर खिडकी पुन्हा उघडावी लागेल.